परभणीची गाडी, मुक्तिनाथचा हिवाळा

परभणी जिल्ह्यातल्या गाडीचं सगळं आयुष्य उन्हाशी झगडण्यात जातं. एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४४ अंशांवर, मोंढ्यासमोर तासन्‌तास तापलेला पत्रा, हात लावू देत नाही असं स्टिअरिंग. त्यामुळे आपल्याकडे गाडीची काळजी घेणं म्हणजे एसीचा गॅस भरणं, काचांना पडदे लावणं आणि इंजिन गरम होत नाही ना एवढं बघणं. थंडी आपल्याकडेही पडते. वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या वेधशाळेतला आकडा डिसेंबर-जानेवारीत पेपरात छापून येतो, एखाद्या वर्षी तो पाच-सहा अंशांपर्यंतही उतरतो. पण ती पहाटेची थंडी. दहा वाजता स्वेटर निघतो आणि गाडीला काही कळतही नाही.

ही पुस्तिका अशाच गाडीसाठी लिहिली आहे. परभणी, पूर्णा, सेलू, मानवत, गंगाखेड, कुठूनही निघालेली, घरची, पाच-सात वर्षं चाललेली साधी गाडी हिवाळ्यात नेपाळला घेऊन जायची आणि सुखरूप परत आणायची, एवढाच तिचा विषय. शेवटचा मुक्काम मुक्तिनाथ धरला आहे, कारण आपल्याकडचे लोक जातात ते तिथेच. पशुपतिनाथ, जनकपूर, मुक्तिनाथ ही यात्रा आपल्या घरांत नवी नाही. पूर्वी रेल्वेने गोरखपूर, पुढे बस आणि पोखऱ्याहून जोमसोमपर्यंत लहान विमान, असं जायचे. आता कालीगंडकीच्या खोऱ्यातून रस्ता थेट वर गेला आहे, आणि आईवडिलांना आपल्याच गाडीत बसवून न्यावं अशी इच्छा पुष्कळांच्या मनात आहे. सवडही हिवाळ्यातच मिळते. सोयाबीन घरात आलेलं असतं, ज्वारी-हरभऱ्याची पेरणी उरकलेली असते. नेपाळात पावसाळ्यात दरडी कोसळून रस्ते बंद पडतात. मार्गशीर्ष-पौषात आभाळ स्वच्छ असतं, धौलागिरी आणि निलगिरी पूर्ण दिसतात.

लांब जाणं हे आपल्या जिल्ह्याला परकं नाही. पूर्णा तालुक्यातल्या कातनेश्वरचे विष्णुदास चापके यांनी २०१६ ते २०१९ या तीन वर्षांत विमानाचा आधार न घेता जमिनीवरून आणि समुद्रावरून पृथ्वीप्रदक्षिणा केली. इंग्लंडमध्ये स्थायिक झालेल्या भारुलता कांबळे यांनी २०१६ मध्ये एकटीने गाडी चालवत, आर्क्टिक वृत्त ओलांडून, ३२ देश पार करत भारत गाठला. त्यांच्यापुढे आपला प्रवास लहान आहे. पण थंडीचे नियम आर्क्टिकमध्ये आणि मुक्तिनाथच्या मुस्तांग जिल्ह्यात सारखेच, आणि तेच आपल्याला शिकवायला आसपास कुणी नाही.

मला या प्रस्तावनेत एकच गोष्ट ठासून सांगायची आहे. अशा प्रवासाची तयारी म्हटली की लोक खरेदीला लागतात. छतावरचं कॅरिअर, डोळे दिपवणारे एलईडी दिवे, ऑनलाइन मागवलेल्या चाकाच्या साखळ्या. गाडीच्या पोटात मात्र कुणी डोकावत नाही. खरी तयारी पाणी, ऑइल, डिझेल, बॅटरी, ब्रेक आणि टायर यांची आहे. ती सगळी परभणीतच, आपल्या नेहमीच्या मिस्त्रीकडून होते. थंडी गाडीत नवा बिघाड फारसा करत नाही. आपल्या उन्हाळ्याने आधीच करून ठेवलेला बिघाड ती पुढे आणते.

बॅटरीचंच घ्या. बॅटरी थंडीत बंद पडते, म्हणून थंडीला दोष मिळतो. प्रत्यक्षात बोनेटखालच्या मेच्या उष्णतेत तिच्यातलं पाणी उडतं, आतल्या शिशाच्या जाळ्या गंजत जातात, ताकद हळूहळू कमी होते. ते परभणीत जाणवत नाही, कारण गरम इंजिन थोड्याशा करंटवरही फिरतं. वर शून्याखाली तीच बॅटरी तिच्या उरलेल्या ताकदीतलीही बरीच गमावते, आणि नेमकं त्याच वेळी घट्ट झालेल्या ऑइलमुळे इंजिन फिरवायला जास्त जोर लागतो. शिवाय पूर्ण चार्ज बॅटरीतलं आम्ल मुस्तांगच्या कुठल्याच थंडीत गोठत नाही. उतरलेल्या बॅटरीतलं मात्र शून्याखाली आठ-दहा अंशांनाच गोठू शकतं आणि पेटी तडकते. तीन-चार उन्हाळे झालेली बॅटरी असेल तर लोड टेस्ट करून घ्या. मिस्त्रीने ‘चालंल की अजून’ म्हटलं तरी आकडा मागा. आकडा वाईट निघाला तर निघण्याआधी महिनाभर बदला, म्हणजे नवी बॅटरी सदोष निघाली तरी ती घरीच कळेल.

कूलंटवर पुढे अख्खं प्रकरण आहे, आणि ते कुणी वगळू नये. जिंतूर रोडवरच्या कुठल्याही गॅरेजात अशी गाडी उभी करा आणि इंजिन पूर्ण थंड असताना रिझर्व्ह टाकीचं झाकण उघडा. कंपनीतून आली तेव्हा आत हिरवं किंवा गुलाबी कूलंट होतं. आता तांबूस, गढूळ पाणी दिसेल, कडेला पांढरी क्षाराची रेघ. दर उन्हाळ्यात पातळी खाली गेली की कुणीतरी बाटलीभर बोअरचं पाणी ओतलेलं असतं. पेट्रोल पंपावर, ढाब्यावर, शेतात. चार वर्षांत कूलंट नावालाच उरतं. परभणीत अशी गाडी चालते. शून्याखाली त्या पाण्याचा बर्फ होतो, आणि पाणी गोठताना सुमारे नऊ टक्के फुगतं. त्या फुगण्याला लोखंडही थोपवत नाही. रेडिएटर फुटतो, कधी इंजिनचा ब्लॉकच तडकतो, आणि मग गाडी ट्रकवर घालूनच खाली आणावी लागते.

हे तपासायला रिफ्रॅक्टोमीटर नावाचं वीतभर लांबीचं नळीसारखं उपकरण मिळतं. टाकीतला एक थेंब त्याच्या तिरप्या काचेवर टाकायचा, वरचं झाकण मिटायचं आणि उजेडाकडे धरून डोळा लावायचा. आत निळ्या आणि पांढऱ्या भागाची सीमारेषा दिसते. ती ज्या आकड्यावर असेल त्या तापमानाला तुमचं पाणी गोठणार. साध्या पाण्याची रेघ शून्यावर दिसते. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं असेल तर ती उणे ३७ च्या आसपास जाते. जास्त थंडी म्हणून नुसतं कूलंट भरावं असं काहींना वाटतं. तसं करू नका. निव्वळ इथिलीन ग्लायकॉल उणे १३ अंशांच्या जवळच गोठतं. पाण्याच्या मिश्रणातच त्याचा गोठणबिंदू एवढा खाली जातो. आणि हेच मिश्रण साध्या पाण्यापेक्षा जास्त तापमानाला उकळतं. म्हणजे मुक्तिनाथसाठी केलेला हा खर्च पुढच्या मे महिन्यात पाथरी-परभणी रस्त्यावरही कामी येतो. जुनं पाणी पूर्ण काढून, रेडिएटर फ्लश करून मगच नवं भरा. काच धुण्याच्या टाकीतही साधं पाणी असतं. तेही काढा आणि न गोठणारं वॉशर फ्लुइड घाला, नाहीतर पहिल्याच सकाळी पिचकारीची नळी बंद होईल.

डिझेल गाडीवाल्यांनी आणखी एक गोष्ट समजून घ्यावी. डिझेलमध्ये मेणासारखा अंश असतो. गारव्यात त्याचे बारीक कण होतात आणि फिल्टर तुंबतो. इंजिन सुरू होतं, थोडं चालतं आणि मान टाकतं. भारतीय मानकाने डिझेलसाठी उन्हाळ्यात १८ आणि हिवाळ्यात ६ अंश सेल्सिअस अशी मर्यादा घातली आहे: निदान त्या तापमानापर्यंत ते फिल्टरमधून वाहिलंच पाहिजे. त्याखाली ते वाहीलच याची हमी नाही. लडाखसाठी इंडियन ऑइलने नोव्हेंबर २०१९ मध्ये उणे ३३ अंशांपर्यंत वाहतं राहणारं वेगळं हिवाळी डिझेल आणलं, ते याचमुळे. नेपाळचं इंधन भारतातूनच जातं. सप्टेंबर २०१९ पासून तर मोतिहारीहून अमलेखगंजला ६९ किलोमीटरच्या पाइपलाइनमधून डिझेल पोचतं. तेव्हा सीमा ओलांडली की पहाडी डिझेल मिळेल या भरवशावर राहू नका. थंडीसाठीचं अॅडिटिव्ह डिझेल गोठण्याआधी, म्हणजे पोखऱ्याच्या उबेतच टाकीत घालायचं असतं. मेण जमल्यावर त्याचा उपयोग नाही. डिझेल फिल्टर नवा असावा आणि त्यातलं साचलेलं पाणी काढलेलं असावं. जुने ड्रायव्हर डिझेलमध्ये रॉकेल मिसळायचा सल्ला देतील. जुन्या जीपला ते चालून गेलं असेल. बीएस-६ इंजिनाच्या पंपाचं आणि इंजेक्टरचं त्याने वाटोळं होतं. ज्या डिझेल गाड्यांत युरियाचं द्रावण वेगळ्या टाकीत भरावं लागतं, त्यांना हेही माहीत असू द्या की ते उणे ११ अंशांना गोठतं. गाडीत ते वितळवायची सोय असते, त्यामुळे घाबरू नका. पण सुटा कॅन डिकीत रात्रभर ठेवू नका. पेट्रोलवाल्यांना यातलं काहीच सोसावं लागत नाही.

इंजिन ऑइलबद्दल थोडक्यात: गाडीच्या पुस्तकात जी ग्रेड दिली असेल तीच भरा, जाड ऑइल चांगलं ही आपल्याकडची समजूत इथे बाजूला ठेवा. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं आणि दोन वर्षांत बदलावं लागतं. मुक्तिनाथहून बेनीपर्यंतच्या उतारावर ब्रेक तापले की त्या ओलाव्याची वाफ होते आणि पॅडल तळाला जातं. उतारावर गाडी गिअरवर सोडायची, ब्रेक नुसते टेकवायचे, ही सवय नसेल तर निघण्याआधी अजिंठा किंवा माळशेजसारख्या एखाद्या घाटात ती लावून घ्या. आपला जिल्हा बहुतांश सपाट आहे, हे इथे विसरून चालत नाही.

टायरच्या बाबतीत युरोपचं उदाहरण उपयोगी आहे. आपल्या भागातली मुलं आता जर्मनीत, कॅनडात नोकरीला आहेत, त्यांना हे ठाऊक असतं. तिकडे हिवाळ्याचे टायर वेगळे असतात, कारण उन्हाळी टायरचं रबर सातएक अंशांखाली कडक होऊ लागतं आणि रस्ता धरत नाही. ऑस्ट्रियात १ नोव्हेंबर ते १५ एप्रिल या काळात बर्फाळ रस्त्यावर हिवाळी टायर सक्तीचे आहेत; कॅनडातल्या क्वेबेक प्रांतात १ डिसेंबर ते १५ मार्च. आपल्याकडे असे टायर सहज मिळत नाहीत. खडबडीत नक्षीचे ‘ऑल टेरेन’ टायर म्हणजे हिवाळी टायर नव्हेत. ते चिखलासाठी चांगले, बर्फाच्या गुळगुळीत थरावर त्यांचा फार भरवसा नाही. म्हणून माझा सल्ला असा: चारही टायर एकाच कंपनीचे, पुरेशी नक्षी असलेले, पाच-सहा वर्षांपेक्षा जुने नसलेले घ्या, स्टेपनीसकट. साखळ्या न्यायच्या असतील तर त्या इंजिन ज्या चाकांना जोर देतं त्याच चाकांवर चढतात, आणि त्या चढवायचा सराव अंगणात करा, हातमोजे घालून. साध्या डांबरावर लागल्या की लगेच उतरवायच्या. आणि बर्फ पडत असेल तर जोमसोमलाच थांबायचं. साखळ्या आहेत म्हणून पुढे जाणारा माणूस मला धाडसी वाटत नाही. मागच्या सीटवर आईवडील बसलेले असतात.

टायरमधली हवा वर गेल्यावर विचित्र वागते. थंडीने दाब उतरतो, दर साडेपाच अंशांना सुमारे एक पीएसआय. उंचीवर बाहेरची हवा विरळ असल्याने तोच दाब मीटरवर जास्त दिसतो. परभणी समुद्रसपाटीपासून सुमारे ४०० मीटरवर आहे, मुक्तिनाथ ३,७०० मीटरच्याही वर. ही दोन्ही कारणं एकमेकांना बरंचसं छेदतात, पण पूर्णपणे नाही. रोज सकाळी, चाक फिरण्याआधी, स्वतःच्या मीटरने हवा बघा. छोटा इन्फ्लेटर सोबत ठेवावा असं मी आग्रहाने म्हणतो.

आता ज्या गोष्टीकडे सगळ्यात कमी लक्ष जातं ती. या प्रवासातला सर्वांत धोक्याचा टप्पा नेपाळात नाही. परभणीहून नांदेड, नागपूर, जबलपूर, रीवा, प्रयागराज, गोरखपूर करत सोनौलीचा नाका सुमारे तेरा-चौदाशे किलोमीटर पडतो. त्यातला प्रयागराजच्या पुढचा भाग डिसेंबर-जानेवारीत धुक्याचा आहे. गंगेच्या मैदानातलं धुकं आपल्या पहाटेच्या धुक्यासारखं विरळ नसतं. बोनेटपुढचं काही दिसत नाही आणि ते दुपारपर्यंतही हटत नाही. त्याच दिवसांत तिथे उसाचा हंगाम असतो. मागे लाल दिवा नसलेली उसाची ट्रॉली अंधारात कशी समोर येते हे आपल्या जिल्ह्यातल्या माणसाला वेगळं सांगायला नको. साखर कारखान्यांच्या रस्त्यांवर आपण ते दरवर्षी बघतो. धुक्यात अप्पर दिवा लावला की समोर पांढरी भिंत उभी राहते. डिपर, फॉग लॅम्प आणि कमी वेग, एवढंच. चालत्या गाडीचे चारही इंडिकेटर लावू नका, मागच्याला तुम्ही वळताय की थांबलाय ते कळत नाही. काच आतून धुरकट झाली तर फडक्याने पुसत बसण्यापेक्षा थंडी असली तरी एसी लावून हवा काचेवर सोडा. एसी हवेतला ओलावा काढून घेतो. आणि रात्री त्या पट्ट्यात गाडी चालवूच नका. सकाळी अकराला निघून संध्याकाळी पाचला थांबायचं, असा हिशेब धरला तर एक-दोन मुक्काम वाढतील. ते वाढू द्यावेत.

कागदपत्रांचं काम सोपं आहे, पण ते परभणीतच पूर्ण व्हायला हवं. नेपाळात एमएच-२२ पासिंगची गाडी न्यायला कार्नेट लागत नाही. नाक्यावर भन्सार, म्हणजे सीमाशुल्क, जितके दिवस राहायचं तितक्या दिवसांचं भरायचं आणि वाहतूक परवाना घ्यायचा. भारतीय खाजगी गाडीला एका नेपाळी आर्थिक वर्षात एकूण तीसच दिवस मिळतात. आपलं लायसन्स तिथे चालतं. ओळखीसाठी पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र ठेवा, नुसत्या आधारवर विसंबू नका. आरसी ज्याच्या नावावर आहे तो सोबत नसेल तर त्याचं अधिकारपत्र, कर्ज चालू असेल तर बँकेचं ना-हरकत पत्र. विमा मात्र हमखास राहून जातो. आपली नेहमीची पॉलिसी भारताच्या हद्दीपुरती असते. भौगोलिक क्षेत्र वाढवण्याचं कलम ज्यादा हप्ता भरून घेता येतं आणि त्यात नेपाळ-भूतानसारखे शेजारी देश येतात. एजंटला तोंडी विचारून थांबू नका. पॉलिसीवर तसं छापून आलेलं डोळ्यांनी बघा. नोटांचे नियम गेल्या काही वर्षांत बदलत आले आहेत, ते निघण्याच्या आठवड्यात ताजे तपासावेत. अन्नपूर्णा संरक्षित क्षेत्राचा परवाना पोखऱ्यात मिळतो.

पोखऱ्याहून पुढे बेनी, तातोपानी, घासा, मार्फा, जोमसोम, कागबेनी, मुक्तिनाथ असा चढ आहे. जोमसोमच्या खोऱ्यात दुपारनंतर जोराचा वारा सुटतो, धूळ उडते, म्हणून तो टप्पा सकाळीच पार करावा. पण फार सकाळी नको: रस्त्यावरून वाहणारे ओहोळ रात्री गोठतात आणि डांबरावर पारदर्शक थर बसतो, तो दिसत नाही. ऊन पडेपर्यंत चहा घ्यावा. आणि एका दिवसात पोखऱ्याहून थेट वर जाऊ नये. पोखरा ८००-९०० मीटरवर, जोमसोम २,७०० वर. मार्फा किंवा जोमसोमला निदान एक रात्र काढली की ज्येष्ठांना विरळ हवेचा त्रास कमी होतो. डोकं दुखतंय, मळमळतंय, धड चालवत नाही असं कुणी म्हणालं तर औषधाची वाट न बघता खाली उतरायचं. दर्शन पुढच्या वर्षीही होतं.

रात्री गाडी उभी करताना हँडब्रेक ओढून ठेवू नका, ओला ब्रेक गोठून चिकटतो. सपाट जागी गिअरमध्ये टाकून चाकांना दगड लावा. वायपर काचेवरून उचलून ठेवा. सकाळी काचेवरच्या बर्फावर गरम पाणी ओतू नका, काच तडकते. आणि एका गोष्टीवर मी अडून बसतो: इंजिन चालू ठेवून, काचा लावून गाडीत झोपायचं नाही. धुराड्याचं तोंड बर्फाने बुजलं की कार्बन मोनॉक्साइड आत येतो. त्याला वास नसतो, रंग नसतो, आणि झोपलेला माणूस उठत नाही. लॉजच्या बंद खोलीत पेटती शेगडी घेऊन झोपण्याचंही तेच.

सामानाची यादी शेवटच्या प्रकरणात आहे आणि ती मुद्दाम लहान ठेवली आहे. शेतातलं लहान दांड्याचं फावडं, नायलॉनचा दोर, जंप केबल, टॉर्च, दोन घोंगड्या, थर्मास, हातमोजे, पाच लिटर पाणी आणि दोन दिवस पुरतील एवढे धपाटे व शेंगदाण्याची चटणी. रस्ता बंद झाला, तर पुढची गाडी येईपर्यंत एवढ्यावर निभतं.

वेळापत्रक दसऱ्यापासून धरावं. त्या दिवशी जिल्ह्यातली प्रत्येक गाडी धुऊन निघते, झेंडूचा हार चढतो आणि बोनेट उघडलं जातं. तेव्हाच बॅटरीची तारीख, टायरवरचा आठवडा-वर्षाचा चार आकडी शिक्का आणि कूलंटचा रंग वहीत लिहून घ्या. दिवाळीच्या आधी गॅरेजात गर्दी असते, म्हणून बॅटरी, कूलंट आणि ब्रेकचं काम दसरा आणि दिवाळीच्या मधल्या पहिल्या आठवड्यातच उरका. दिवाळीनंतर विमा आणि बँकेचं पत्र. मग सगळं बदललेली गाडी घेऊन निदान एकदा नांदेड किंवा छत्रपती संभाजीनगरला जाऊन या, पहाटे निघून. कुठे गळतंय का, कुठला नट सैल राहिलाय का, हे त्या एका फेरीत कळतं, आणि तिथून मिस्त्रीला फोन केला तर तो येऊ शकतो.